शृंगारातलं शिंग

पंचवटीतून प्रश्न आलाय: ‘वाचनगटात गाथासप्तशती हा जुना प्राकृत गाथासंग्रह वाचतोय. या गाथांना श्रृंगारिक म्हणायचं की चावट, यावरून वाद पेटलाय. आपलं मत?’

आधी लेखन. ‘श्र’मध्ये र आहेच, त्याला वर ऋकार कशाला? ‘शृ’ पुरे. मेन रोडपासून कॉलेज रोडपर्यंत पार्लरच्या पाट्यांवर हेच बघून डोळे शिणलेत. पाट्या रंगवणाऱ्यांना माफ आहे, गाथा वाचणाऱ्यांना नाही.

नटणंसजणं, पहिला रस वगैरे अर्थ कुठल्याही कोशात मिळतील. खरी गंमत ‘शृंगा’त आहे. शृंग म्हणजे शिखर आणि शिंगही. भोजाने शिखर धरलं: ज्याच्यामुळे शृंग गाठता येतं तो शृंगार. राजाच तो, त्याला उंचीच दिसणार! साहित्यदर्पणकार विश्वनाथ म्हणतो, शृंग म्हणजे मन्मथाचा उद्भेद, कामाला फुटलेला कोंब. हे मला पटतं. माझं तर म्हणणं, हा कोंब शिंगाचाच. गोऱ्ह्याला शिंगं फुटायला लागली की तो दिसेल तिथे डोकं घासत सुटतो, तसंच हे. ओढूनताणून वाटतंय? मग कालिदास उघडा. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात अकाली वसंत येतो आणि काळवीट शिंगाने हरिणीला खाजवतो. स्पर्शानेच तिचे डोळे मिटतात. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात दुष्यंताला चित्रात काय काढायचं राहिलंय? काळविटाच्या शिंगावर डावा डोळा घासणारी हरिणी. टोकदार शिंग आणि त्यावर डोळा! दोन्हीकडे ओठ नाहीत, शय्या नाही, शृंग मात्र आहे. हा योगायोग म्हणणाऱ्या पंडितांना माझा दुरूनच नमस्कार.

हां, गाथा. ‘भम धम्मिअ’ घ्या. बाई धार्मिकबुवाला सांगते, खुशाल फिरा, तो कुत्रा आज मेला. गोलाकाठच्या झाडीतल्या मस्तवाल सिंहाने मारला. गोला म्हणजे आपली गोदावरी. कुत्र्याला बिचकणारा बुवा आता तिकडे फिरकेल? बाईला भेटीसाठी झाडी मोकळी हवी आहे, पण तसं ती एका अक्षराने बोलत नाही. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरण म्हणून हीच गाथा निवडली. त्याचा विरोधक महिमभट्ट मात्र म्हणतो, कसला ध्वनी, हे साधं अनुमान. धूर दिसला की अग्नी कळतो तसं. अशा माणसाला वाचनगटात घेऊ नका.

बाई चावट आहेच, म्हणून तर गाथा शृंगारिक झाली. शृंगारिकाच्या उलट काही हवंच असेल, तर महिमभट्ट आहे.