ऊन कडक, तर वीजही जास्त?

प्रश्न : हरित, अक्षय आणि स्वच्छ ऊर्जा हे एकच का? तिचे मुख्य स्रोत कोणते? माझा मुलगा म्हणतो, ऊन जितकं कडक तितकी सौरपॅनेलची वीज जास्त. खरं का हे? आणि रात्री काय करायचं?

उत्तर : आधी चिरंजीवांचं बघू. त्यांचं अर्धंच बरोबर आहे. पॅनेलला उजेड हवा, ताप नको. पॅनेलमध्ये वीज तयार करणारा सिलिकॉनचा सेल तापला की त्याचं व्होल्टेज उतरतं. २५ अंशांच्या वर दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज घटते, आणि रणरणत्या उन्हात पॅनेल ६० अंशांपर्यंत सहज तापतं. करा हिशेब! म्हणून लख्ख ऊन आणि थंड वारा असलेला दिवस पॅनेलला सगळ्यात मानवतो. सावलीचं तर विचारूच नका. सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाच सेलवर मोठं पान चिकटून बसलं तरी नेहमीच्या पॅनेलचा तिसरा हिस्सा गारद होऊ शकतो.

आता शब्दांकडे. अक्षय म्हणजे वापरली तरी पुन्हा भरून येणारी. स्वच्छ म्हणजे वीज करताना धूर न सोडणारी. अणुवीज स्वच्छ म्हणता येईल, पण युरेनियम खाणीतून काढावं लागतं, ते भरून येत नाही. लाकडाचं उलट : झाड पुन्हा वाढतं, पण धूर होतोच. या दोन्ही परीक्षांत उतरते आणि निसर्गाचं फारसं नुकसान करत नाही, तिला मी हरित म्हणतो. शब्द वापरण्यात सगळेच इतके काटेकोर नसतात.

स्रोत मोजायला बसलात तर बहुतेक सगळे सूर्याच्याच घरचे निघतात. जमीन कमी-जास्त तापते म्हणून वारा वाहतो, पाण्याची वाफ होऊन पाऊस पडतो म्हणून धरण भरतं. शेण-पाचोळ्याचा बायोगॅसही मुळात उन्हावर वाढलेल्या हिरवळीचाच. वाऱ्याची एक गंमत लक्षात ठेवा : वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. पवनचक्कीची जागा निवडताना एवढा काथ्याकूट होतो तो यासाठीच. सूर्याचं देणं न लागणारी मुख्य दोनच. एक जमिनीच्या पोटातली उष्णता. इटलीत लार्देरेल्लो इथे १९०४ मध्ये तिच्या वाफेवर पाच दिवे लावले होते. दुसरी भरती-ओहोटी, ती मुख्यतः चंद्राची. फ्रान्समधलं रान्स नदीच्या मुखावरचं २४० मेगावॉटचं केंद्र १९६६ पासूनचं आहे.

पाण्याबद्दल मी पक्षपाती आहे, कारण माझी सगळी नोकरी जलविद्युत केंद्रात गेली. पाण्याची वीज फुकट, असं कुणी म्हणालं की मला टर्बाइनचं रनर, म्हणजे पाण्याच्या जोराने फिरणारं पात्यांचं चाक, आठवतं. पात्याजवळ दाब फार उतरला की पाण्यातच वाफेचे बुडबुडे होतात आणि पात्याला खेटून फुटतात. बाहेरून आवाज येतो तो आत कुणी खडी ढवळत असल्यासारखा. मशीन थांबवून आत उतरलं की पोलादावर वाळवी लागल्यासारखे खड्डे दिसतात. ते वेल्डिंगने भरायचे आणि पात्याचा बाक जुळेपर्यंत ग्राइंडरने घासायचे. आणि धरणाखाली बुडालेली झाडं कुजून मिथेन सुटतो, हेही माझ्या लाडक्या पाण्याच्या खात्यावर लिहायला हवं.

राहिली रात्र. बॅटऱ्या आहेतच, पण त्यांच्या कितीतरी आधीपासून आमची युक्ती चालत आली आहे. मागणी कमी आणि वीज जास्त असेल तेव्हा खालच्या तळ्यातलं पाणी पंपाने वरच्या तळ्यात चढवायचं, मागणी वाढली की तेच खाली सोडायचं. चढवायला शंभर युनिट लागली तर परत सत्तर ते ऐंशी मिळतात. मी कामावर असताना हा पंप रात्री चालायचा, कारण शिल्लक वीज तेव्हा असायची. आता जिथे सौर वीज भरपूर झाली आहे, तिथे तो भर दुपारी चालवतात.