टाकीची खूण पाहून वजन ठरवू नका

प्रश्न : फवारणीची विमानं टेकऑफ करतानाच आपटल्याच्या बातम्या अमेरिका, ऑस्ट्रेलियातून येतात. इंजिन बंद पडतं का? (वाचक, अकोला)

उत्तर : कधीकधी पडतं. पण इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही असे अपघात होतात, आणि ते टाळता येण्यासारखे असतात. गणित चुकतं ते भरलेल्या मालाचं, उन्हाचं आणि धावपट्टीचं.

एअर ट्रॅक्टर ८०२ हे मोठं विमान घ्या. त्याची औषधाची टाकी सुमारे ३,००० लिटरची. पाण्यासारखं पातळ औषध भरलं तर ३,००० किलो. पण युरिया-अमोनियम नायट्रेटचं ३२ टक्के नत्राचं द्रवखत लिटरला १.३ किलोपेक्षा जड. टाकी तेवढीच भरली, तरी विमानात जवळपास टनभर वजन जास्त! म्हणून टाकीवरची खूण पाहून नव्हे, घनता विचारून किलोत हिशेब करायचा, आणि इंधन व वैमानिक धरून एकूण आकडा विमानाच्या मर्यादेखाली ठेवायचा.

आता उष्णता. ब्रिटिश नागरी विमान प्राधिकरणाने हलक्या विमानांसाठी ढोबळ गुणक दिले आहेत : वजन १० टक्के वाढलं तर टेकऑफचं अंतर २० टक्के वाढतं, तापमान १० अंशांनी वाढलं तर १० टक्के, आणि जमीन भुसभुशीत असेल तर किमान २५ टक्के. हे गुणक एकमेकांत गुणायचे. समजा, १५ अंशांना ६०० मीटर लागतात. वजन १० टक्के जास्त झालं की ७२०, ३५ अंशांच्या उन्हात ८७०, मऊ मातीवर जवळजवळ १,१००. त्यात पाठीमागून वारा असेल तर विचारूच नका. औषधाचा ट्रक एका टोकाला उभा असतो, तेवढी फेरी वाचावी म्हणून वाऱ्याच्या दिशेनेच टेकऑफ करण्याचा मोह होतो. तो सोडायलाच हवा.

पट्टीचं टोक जवळ आलं की वैमानिक नाक वर करायला स्टिक (नियंत्रणाचा दांडा) ओढतो. विमान उचलतंही, कारण पंखांच्या निम्म्या लांबीइतक्या उंचीपर्यंत जमिनीच्या सान्निध्यामुळे ओढ, म्हणजे हवेचा मागे खेचणारा विरोध, कमी असते. त्याच्या वर गेलं की ओढ वाढते, वेग घटतो, आणि समोर तारा किंवा झाडं असतात. ती चुकवायला तिरपं वळण घेतलं तर आणखी बिघडतं : ६० अंश कलून उंची राखायची तर स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, ४१ टक्के वाढतो.

उपाय साधा आहे. पट्टीच्या मध्यावर निशाण लावा. तिथे उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) मागे, ब्रेक. पुढच्या फेरीला माल कमी भरा. इथे मन घट्ट करावंच लागतं.

प्रश्न : माल हवेत सोडून देता येतो ना? मग का सोडत नाहीत? (वाचक, सांगली)

उत्तर : बहुतेकदा उशीर होतो. डावा हात डंपच्या, म्हणजे टाकी एकदम रिकामी करण्याच्या, दांड्याजवळ हवा आणि कुठे सोडायचं ते चाकं हलण्याआधी ठरलेलं हवं. औषध वाया जाईल, शेतकरी काय म्हणेल, हा विचार त्या दोन-तीन सेकंदांत येऊ देऊ नये. भार सुटला की नाक वर उसळतं, म्हणून स्टिक पुढे दाबून धरायची, नाहीतर वजन उतरूनही विमान स्टॉल होतं.

अमेरिकेत दाट वस्तीवर फवारणी करणाऱ्या विमानाला कमाल भाराचा निम्मा भाग ४५ सेकंदांत टाकता यावा, असा नियम आहे. टेकऑफला मात्र ४५ सेकंद मिळत नाहीत. म्हणून टाकीचा माल सोडायचा दरवाजा झटक्यात उघडायला हवा. पावडर किंवा खत वाळून त्याच्या कडेला चिकटतं, रबरी सील फुगतं, दांड्याची जोडणी गंजते. हंगामाआधी टाकीत साधं पाणी भरून, विमान जमिनीवर उभं असताना दांडा ओढून पाहा. एका ओढीत उघडला नाही, तर कडा धुवा, सील बदला आणि पुन्हा पाहा.

प्रश्न : आपल्याकडे अशी विमानं होती का? (वाचक, नाशिक)

उत्तर : होती. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने खास शेतीसाठी ‘बसंत’ हे विमान बनवलं. १९७२ मध्ये ते उडालं. त्याचं इंजिन ४०० अश्वशक्तीचं होतं.