प्रोजेक्टर लावला की घाम फुटतो

प्रश्न: मी गणित शिकवते, वय 52. वर्गात प्रोजेक्टर आलाय पण लॅपटॉप जोडला तरी पडदा निळाच, मुलं हसतात. सुरुवात कुठून करू?

उत्तर: ताई, आधी केबल नीट बसलीये का बघा, मग विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून डुप्लिकेट निवडा, बहुतेक वेळा तिथेच अडलेलं असतं. आणि दहा ॲप एकदम नकोत, एकच घ्या, जिओजेब्रा, म्हणजे गणिताच्या आकृत्या काढून हलवून दाखवायचं ॲप. वर्गासाठी फुकट आहे, डाउनलोड करून ठेवलं की नेट गेलं तरी चालतं, त्रिकोणाचा कोपरा ओढला की तिन्ही कोन बदलतात पण बेरीज 180 च राहते हे मुलांना समोर हलताना दिसतं, फळ्यावर कितीही आकृत्या काढा तसं होत नाही (मी काढल्यात!). अडलंच तर हसणाऱ्यांपैकीच एकाला पुढे बोलवा.