कॅरीतलं १९९३ चं ‘सिंथेटिक स्टको’ घर घ्यावं का?

ताई, पुण्यातून इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कॅरीला येण्याआधीच घरासाठी ऑफर देऊन टाकावी का, असं तुम्ही विचारलंत. घर १९९३ चं, बाहेरून ‘सिंथेटिक स्टको’ आणि शेजारच्या विटांच्या घरांपेक्षा स्वस्त. माझं स्पष्ट मत: तिथे बसून ऑफर देऊ नका. घर वाईटच असेल असं नाही, पण भिंतीत छिद्रं पाडून तपासल्याशिवाय ते कळत नाही.

फोटोत ती भिंत आपल्याकडच्या गिलाव्यासारखी दिसते. प्रत्यक्षात आत लाकडी चौकट, तिच्यावर ओएसबीचे (लाकडाच्या चिपट्या दाबून केलेले) तक्ते, त्यांवर चिकटवलेला थर्माकोल, मग फायबरग्लासची जाळी बसवलेला पातळ लेप आणि वरून अॅक्रिलिकचा रंगीत थर. बोटाने ठोकलं की पोकळ आवाज येतो. पुण्यात भिंतीत पाणी मुरलं तर आतून ओल दिसते, पोपडे पडतात, पण वीट शाबूत राहते. इथे बरेचदा दोन्ही बाजूंनी काहीच दिसत नाही आणि मधला तक्ता कुजत राहतो.

युरोपात ही पद्धत प्रामुख्याने वीटकामाच्या भिंतींवर वापरली जायची. १९६९ मध्ये ती अमेरिकेत आली आणि पुढे लाकडी घरांवर चढली. जुन्या प्रकारात पाणी आत येणारच नाही असं गृहीत धरलेलं होतं. पण खिडकीच्या कडेने, डेकच्या (घराला जोडलेल्या लाकडी ओट्याच्या) जोडापाशी ते शिरतंच, आणि शिरलं की बाहेर पडायला वाट नाही. याच राज्यातल्या विल्मिंग्टनला १९९५ च्या सुमारास अशी कुजलेली घरं मोठ्या संख्येने सापडली. १९९६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने नव्या लाकडी घरांना पाण्याचा निचरा होणारी रचना सक्तीची केली. तुमचं घर त्याआधीचं आहे, म्हणून एवढं लिहितोय. निचऱ्याची पद्धत नीट बसवलेली असेल तर ती मला आवडते. थर्माकोलमुळे घरातलं तापमान उन्हाळ्या-हिवाळ्यात छान राखलं जातं.

घर खरंच आवडलं असेल तर स्टकोची वेगळी तपासणी सांगा, नेहमीच्या होम इन्स्पेक्शनवर भागवू नका. त्यासाठी मालकाची परवानगी लागते. तपासणारा मुख्यतः खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत बारीक छिद्रं पाडून ओल मोजणाऱ्या मीटरच्या सुया आत घालतो आणि नंतर ती छिद्रं सीलंटने बुजवतो. तक्त्याची ओल २० टक्क्यांच्या वर निघाली तर तिथली भिंत उघडून पाहावी लागते. छताची कड भिंतीला भिडते तिथे पाणी पन्हाळीत वळवणारा पत्र्याचा तुकडा, किक-आउट फ्लॅशिंग, आहे का तेही बघायला सांगा. तो नसेल तर मला त्या भिंतीची सर्वांत जास्त काळजी वाटेल. थर्माकोल मातीत गेलेला नको, किमान सहा इंच वर हवा. इकडे वाळवी भरपूर आहे आणि ती थर्माकोलच्या आडून लाकडापर्यंत पोचते.

मालक घराच्या स्थितीबद्दल जो डिस्क्लोजर फॉर्म भरून देतो, त्यावर विसंबू नका. त्यात ‘नो रिप्रेझेंटेशन’, म्हणजे ‘याबद्दल मी काही सांगत नाही’, असंही उत्तर देता येतं. इथे ऑफरसोबत मालकाला सहसा ड्यू डिलिजन्स फी, म्हणजे घर तपासून निर्णय घ्यायच्या मुदतीसाठीची रक्कम, द्यावी लागते आणि तुम्ही माघार घेतलीत तर ती सहसा परत मिळत नाही. त्यामुळे फी कमी ठेवा आणि मुदत एवढी मागा की स्टकोचा अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाज दोन्ही हातात येतील. आधी काही महिने भाड्याने राहिलात तर ही घाईच उरणार नाही.