नववी-दहावीत मार्क कमी पडले, इंदूरमध्ये इंजिनिअरिंगला प्रवेश मिळेल का?

नववीत ५४, दहावीत ५८ टक्के, आता अकरावी सुरू आणि सगळं संपलं असं तुला वाटतंय. अरे, काही संपलेलं नाही! नववीचे मार्क प्रवेशाच्या वेळी कुणी विचारत नाही. दहावीची मार्कशीट लागते ती मुख्यतः जन्मतारखेसाठी. इंदूरच्या एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजला मध्य प्रदेश राज्याच्या काउन्सेलिंगमधून (प्रवेशप्रक्रियेतून) जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या रँकवर जागा मिळते. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात.

खरी काळजी बारावीची कर. आयआयटी इंदूर किंवा भोपाळचं मॅनिट (तिथली एनआयटी, म्हणजे केंद्र सरकारचं इंजिनिअरिंग कॉलेज) हवं असेल, तर जनरल गटाला बारावीत ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत, यावं लागतं. क्लासच्या नादात बोर्ड सोडलेली मुलं इथेच अडकतात, फार वाईट वाटतं.

इंदूरच्या भंवरकुआँ या क्लासेसच्या भागात फी भरण्याआधी दोन महिने घरी बसून दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती पक्की कर. पाया तिथेच कच्चा राहिलाय, आणि अकरावीचं फिजिक्स त्यावरच उभं असतं.

एक मात्र लपवत नाही: पुढे कॉलेजात नोकरीसाठी मुलं निवडायला येणाऱ्या काही कंपन्या दहावीतही ६० टक्के मागतात. सगळ्या नाही.