क्रोशाचा चौकोन तिरका का होतो?

सुरुवातीलाच तोरण किंवा बारीक दोऱ्याचा रुमाल घेऊ नका. फिकट रंगाची, मध्यम जाडीची गुळगुळीत लोकर आणि ४ मिमीची सुई घ्या. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत, केसाळ लोकर उसवता येत नाही. आणि उसवावं तर लागणारच.

१७ साखळ्या, म्हणजे फासातून फास ओढून होणारे टाके, घाला. साखळी घट्ट पडली तर खालची कड आखडते, म्हणून तेवढ्यापुरती ५ मिमीची सुई वापरा. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे उंच टाका: दोरा घेऊन सुई घाला, फास ओढा, सुईवर तीन फास होतील, दोरा घेऊन दोनातून काढा, पुन्हा दोरा घेऊन दोनातून. सोडलेल्या तीन साखळ्या धरून ओळीत १५ खांब.

खरी गडबड वळताना होते. तीन साखळ्या घालून काम उलटलं की त्याच पहिला खांब ठरतात. पुढचा खांब त्यांच्या बुडात घातला तर एक वाढतो. शेजारच्या खांबावर घाला. ओळीचा शेवटचा खांब मात्र मागच्या ओळीतल्या तीन साखळ्यांच्या टोकावर. हा नेमका राहतो आणि दर ओळीत एकेक कमी होऊन चौकोनाचा त्रिकोण होतो. त्या टोकाच्या साखळीत रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवा, आणि कंटाळा आला तरी प्रत्येक ओळ मोजा.