गरोदरपणातील स्तनांची अतिवाढ: ‘दूध भरपूर येईल’ एवढ्यावर थांबू नका

पाचव्या महिन्यात स्तन झपाट्याने वाढून त्वचा तडकू लागली आहे, बाळंतपणानंतर ते पूर्ववत होतील का, असे आपण विचारले आहे. ते बहुधा कमी होतात, पण पूर्वीइतके होतीलच असे नाही. आणि तोवर नुसते सोसत बसण्याचे काही कारण नाही.

माझ्या पहिल्या खेपेला घरी आणि तेव्हाच्या डॉक्टरांकडेही एकच उत्तर मिळे: ‘पहिलटकरीण आहे, दूध भरपूर येईल.’ सातव्या महिन्यापर्यंत उताणे झोपले की श्वास कोंडे, कुशीवर निजताना स्तनाखाली गोधडीची वळकटी द्यावी लागे आणि खालच्या घडीत घामाने भिजून बोटभर जखम झाली. बाजारात मापाची ब्रा मिळेना, तेव्हा आईने जुने सुती लुगडे फाडून, भार मानेवर न येता दोन्ही खांद्यांवर पडेल अशी रुंद पट्ट्यांची झोळी शिवली. तिच्यामुळे पाठ बरीच सुसह्य झाली.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र जायगँटोमास्टिया, म्हणजे स्तनांची अशी बेसुमार वाढ, हे नाव घेतले, रक्तातील प्रोलॅक्टिन (दूध तयार करवणारे संप्रेरक) व कॅल्शियम पाहिले, सोनोग्राफी केली आणि गाठ किंवा लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) नाही ना, याची सुईने तुकडा काढून खात्री केली. त्यानंतर प्रोलॅक्टिन दाबणारे ब्रोमोक्रिप्टीन सुरू झाले. वाढ थांबली, जखम भरली.

या औषधाने दूध आटते, आणि त्यावरून आमच्या वन्संनी मला जे ऐकवले ते अजून ऐकवतात. त्यांना माझे उत्तर असे, की कुजू लागलेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन आई अंथरुणाला खिळली, तर तिचे दूध बाळाला कसे मिळणार होते? मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दिलेले दूध गरजू बाळांना पुरवणारी सोय, आहे, ती काही हौसेखातर काढलेली नाही. डबाबंद दुधावर वाढलेल्या माझ्या मुलीत त्यांना आजवर एकही खोट काढता आलेली नाही, तरी त्यांचा हेका सुटत नाही. आपल्या घरी असे कोणी असेल, तर पुढच्या तपासणीला त्यांना डॉक्टरांसमोर नेऊन बसवा.

अर्थात ब्रोमोक्रिप्टीन सर्वांनाच लागू पडत नाही, रक्तदाबाचा त्रास असल्यास ते जपून द्यावे लागते, म्हणून कोणाच्या सांगण्यावरून, माझ्याही, स्वतःहून घेऊ नका. त्वचा काळी पडली किंवा रक्त थांबेना, तर शस्त्रक्रिया गरोदरपणातही करावी लागते. शस्त्रक्रियेत स्तन पूर्ण न काढता केवळ आकार कमी केल्यास पुढच्या खेपेला वाढ पुन्हा होऊ शकते, त्यामुळे आणखी मूल हवे असल्यास ते सर्जनना आधीच सांगा.